हंडीच्या मंचासमोर एक पॅराशूट उलगडा : ठाण्यातल्या दहीहंडी आयोजकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरातील सर्व दहीहंडी उत्सव मंडळे, प्रतिष्ठाने आणि त्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

गुरुपौर्णिमा झाली की माझ्या वर्गातली काही मुलं पहिल्या तासाला पेंगायला लागतात. रात्री अकरा-साडेअकरापर्यंत थरांचा सराव, मग घरी जाऊन जेवण, आणि सकाळी सातला शाळा. मी कळव्यात राहते, महापालिकेच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवते. हे पत्र दहीहंडीच्या विरोधात नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर ‘आल्या बाई उपदेश करायला’ म्हणून तुम्ही ते इथेच मिटवाल.

लिहायचं कारण असं की, आमच्या भागातल्या एका मंडळाच्या बैठकीत म्हणे यंदा नवाच विषय निघाला. हंडीच्या दिवशी पॅराशूटने आकाशातून कुणाला तरी मैदानात उतरवायचं. हातात झेंडा, पायाला रंगीत धुराची नळकांडी, खाली ढोल-ताशा. एकाने सुचवलं, एखादा कलाकारच उतरवू. दुसरा म्हणाला, पोरांना प्रेरणा मिळेल. ही बातमी मला माझ्याच एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत येऊन सांगितली. सांगताना डबा उघडायचाही विसरला होता. मंडळाचं नाव मी घेत नाही. कल्पना वाईट नाही, अर्धी चांगली आहे, आणि त्या अर्ध्या भागासाठीच हा कागद खर्च करते आहे.

न जमणारा अर्धा भाग आधी उरकून घेते. ठाण्याचं आकाश खालून रिकामं दिसतं, पण मोकळं नाही. मुंबई विमानतळावर उतरणारी आणि तिथून उडणारी विमानं आपल्या आसपास असतातच. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानंही सुटू लागली. अशा दोन विमानतळांच्या शेजारी माणसं हवेत सोडायची तर हवाई वाहतूक नियंत्रणाने ठरावीक वेळ, ठरावीक उंची मोकळी करून द्यावी लागते, इतर वैमानिकांना आगाऊ सूचना जावी लागते, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापासून पोलिसांपर्यंत सगळ्यांच्या परवानग्या लागतात. तेवढं करून खाली बघितलं तर काय? एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये टोलेजंग इमारती, उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि उच्चदाबाच्या तारा. सगळ्यात मोठी अडचण तर पंचांगातच आहे. गोपाळकाला येतो श्रावणात. ज्याला जमीन दिसत नाही तो स्कायडायव्हर उडी मारत नाही, आणि श्रावणातलं ठाण्याचं आकाश किती वेळ स्वच्छ राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको. मंडप, गर्दी, पाहुणे सगळं तयार आणि विमान ढगांवर घिरट्या घालून परत गेलं, तर त्या दिवशी माईकवर काय बोलणार आहात?

तेव्हा उडी राहू द्या. मला बोलायचं आहे ते ‘पोरांना प्रेरणा मिळेल’ या वाक्याबद्दल.

जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाच्या कसरती झाल्या. विमानांचं सूर्यकिरण, हेलिकॉप्टरांचं सारंग आणि पॅराशूटवाल्यांचं आकाशगंगा, तिन्ही पथकं होती. आमच्या वर्गातली काही मुलं लोकलने जाऊन बघून आली. सोमवारी मी विचारलं, काय बघितलंत? विमानांचे आवाज काढून दाखवले, हातवारे झाले, एकाने फळ्यावर पॅराशूट काढलं. सगळं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “मॅडम, ते उडी मारणारे लोक बाकीचे दिवस काय करतात?”

त्या मुलाला रंग, धूर, झेंडा यांच्या पलीकडचं काहीतरी हवं होतं. ती माणसं कुठून आली, काय शिकली, पगार कोण देतं, आणि कळव्याच्या पोराला तिथे जायचं असेल तर पहिलं पाऊल कुठे टाकायचं. कसरती तासाभरात संपल्या, गर्दी चर्चगेटकडे वळली, आणि हा प्रश्न तो तसाच घरी घेऊन आला. प्रात्यक्षिकाचा खरा उपयोग असा प्रश्न पोरांच्या मनात उभा करणं हा असेल, तर उत्तर द्यायला कुणीतरी जागेवर हवं की नको? तुमच्या मंचावर दरवर्षी इतके पाहुणे येतात. हे उत्तर देऊ शकेल असा एकही पाहुणा त्यांत मला आजवर दिसलेला नाही.

त्या दिवशी मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. आकाशगंगा पथक १९८७ मध्ये सुरू झालं. त्याचं घर आग्र्याला, हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिन्ही सैन्यदलांचे छत्रीधारी सैनिक तिथेच तयार होतात, आणि पथकातली माणसं बाकीचे दिवस प्रामुख्याने तेच करतात: इतरांना उडी मारायला शिकवतात. पथकात अधिकारी असतात तसे हवाई सैनिकही असतात. म्हणजे बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बऱ्यापैकी गुण मिळवलेला मुलगा अग्निवीर वायूच्या भरतीतून हवाई दलाच्या दारापर्यंत पोहोचू शकतो. पुढे निवड आणि कष्ट त्याचे. मग मी टांगाईलची गोष्ट सांगितली. ११ डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशात टांगाईलजवळ आपलं सैन्य पॅराशूटने उतरलं आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. उतरलेली पलटण होती २ पॅरा, जी मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. हे ऐकल्यावर वर्गाची पेंग उडाली. इतिहासाच्या सरांनी मला नंतर ऐकवलं की माझा धडा तुम्ही पळवलात. पळवला, खरं आहे.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच आलेली आहे.

ओळखीतल्या एका निवृत्त पॅराट्रूपर काकांकडे वापरातून बाद झालेलं एक चौकोनी पॅराशूट होतं. मी त्यांच्या मागे लागून ते शाळेत आणवलं. सभागृहातल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, फरशी पुसली, आणि त्यांनी ते कापड उलगडायला सुरुवात केली. उलगडतच गेले. तीनशे चौरस फुटांच्या आसपास क्षेत्रफळ. सातवीतली एक मुलगी पटकन म्हणून गेली, “मॅडम, हे तर आमच्या घरापेक्षा मोठं आहे.” कुणी हसलं नाही, बहुतेकांच्या घरांना ते लागू होतं.

काकांनी भाषण केलं नाही. मुलांना चपला काढायला लावून कापडाभोवती बसवलं आणि एकेक दोरी हातात देऊन ती कापडापासून पट्ट्यांपर्यंत कुठे जाते ते शोधायला सांगितलं. पिळा पडला असेल तर सोडवायचा. समोरच्या बाजूला एका रांगेत तोंडं उघडी असलेले कप्पे दाखवले: वारा आत शिरतो, मागून निघायला वाट नाही, कापड फुगतं आणि त्याचा पंख होतो. म्हणून हे पॅराशूट नुसतं खाली येत नाही, पुढे सरकतं, वळतं, आणि उतरताना दोन्ही हातांतल्या दोऱ्या एकदम खाली ओढल्या की वेग मारून अलगद टेकतं. मग स्लायडर दाखवला. चार कोपऱ्यांत चार कड्या असलेला एवढासा कापडाचा तुकडा. सगळ्या दोऱ्या त्या कड्यांतून जातात. पॅराशूट उघडताना हा तुकडा वाऱ्याला अडून हळूहळू खाली सरकतो आणि तेवढा वेळ कापडाला एकदम फुगू देत नाही. नाहीतर बसणारा झटका माणसाला सोसायचा नाही. शेवटी दोऱ्यांच्या घड्या घालून त्या कशात अडकवल्या, तर रबरबँडमध्ये. वाण्याकडे मिळतात त्यांचे हे जरा दणकट भाऊ. इतक्या उंचीवरच्या माणसाचा जीव आणि मध्ये रबरबँड! मुलांचा विश्वासच बसेना. काका म्हणाले, रबर मुद्दाम असतं, दोरी अडकलीच तर ते तुटायला हवं.

मग त्यांनी कापडाचा एक सुटा तुकडा काढला, कडेला कात्रीने चीर दिली आणि वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाला फाडायला सांगितलं. त्या नायलॉनमध्ये ठरावीक अंतरावर उभे-आडवे जाड धागे विणलेले असतात. चीर त्या धाग्यापाशी जायची आणि अडायची. मुलगा लाल झाला, सगळे ओरडायला लागले. त्याच गोंधळात एका मुलीने विचारलं, “काका, हे शिवतं कोण?”

तिची आई घरी बसून कपड्यांचे नग शिवते. मामा भिवंडीत मागावर. तिच्या दृष्टीने त्या सभागृहात उडी मारणारा माणूस दुय्यम होता आणि शिलाई मुख्य. काकांनी तिला शिवणीवरून बोट फिरवायला लावलं, दुमडून चार पदरी केलेली शिवण दाखवली, आणि सांगितलं की आपल्या सैन्याची पॅराशूटं कानपूरच्या कारखान्यात शिवली जातात, आग्र्यात डीआरडीओची प्रयोगशाळा त्यांचे आराखडे करते. पुढचं मी जोडलं. गगनयानातले अंतराळवीर समुद्रात उतरतील तेही पॅराशूटवरच. २४ ऑगस्ट २०२५ ला इस्रोने त्याचीच चाचणी घेतली; सुमारे ५ टनांची नमुना अंतराळकुपी हेलिकॉप्टरमधून ३ किलोमीटर उंचीवरून सोडली आणि पॅराशूटांनी ती समुद्रात सावकाश उतरवली. अशा कापडाचं शिक्षण घ्यायचं तर माटुंग्याला व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेत वस्त्रतंत्रज्ञान शिकवतात. कळव्याहून लोकलने जाता येईल एवढ्या अंतरावर.

आकाशातून एक माणूस उतरवलात तर मैदानातल्या प्रत्येक पोराला उडी मारणारा माणूस दिसेल. तेच पॅराशूट जमिनीवर पसरलंत तर एकाला सैनिक दिसेल, एकीला शिवण दिसेल, एखाद्याला त्यातलं गणित दिसेल. माझं मत विचाराल तर जमिनीवरचं प्रात्यक्षिक वरच्यापेक्षा सरस, आणि स्वस्त तर कितीतरी पटींनी.

गणिताचं निघालं म्हणून सांगते. २०१२ मध्ये आपल्याच ठाण्यात जय जवान पथकाने नऊ थर लावले आणि १३.३४ मीटर उंचीची नोंद गिनेसमध्ये झाली. २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यातच दहा थरांची सलामी दिली. मी वर्गात त्या १३.३४ मीटरचं उदाहरण घालते. एवढ्या उंचीवरून एखादा निसटला तर जमिनीवर यायला दीड सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो आणि टेकताना वेग असतो ताशी ५८ किलोमीटरच्या आसपास. आता १३,००० फुटांवरून उडी मारणारा घ्या. पहिले दहा-बारा सेकंद वेग वाढत जातो, मग हवेचा अडथळा वजनाच्या बरोबरीला येतो आणि ताशी १९० ते २०० किलोमीटरवर वेग थांबतो. पॅराशूट उघडेपर्यंत त्याच्या हातात पाऊण ते एक मिनिट असतं. पाठीवर मुख्य पॅराशूट, शिवाय प्रमाणित माणसाने बांधलेलं राखीव. आणि तो बेशुद्ध पडला, हात हलवू शकला नाही, तरी हवेचा दाब मोजणारं एक छोटं यंत्र साधारण साडेसातशे फुटांवर ते राखीव पॅराशूट आपणहून उघडतं.

मुलांना यातलं धक्कादायक काय वाटतं माहीत आहे? उंची वाढली की धोका वाढतो असं नाही. उंची म्हणजे वेळ. स्कायडायव्हरला चूक सुधारायला वेळ आहे, दुसरं पॅराशूट आहे. एक्क्यावर, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावर, चढलेल्या पोराकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे खालची माणसं आहेत, हेल्मेट आहे, आणि तुम्ही वरून सोडलेला दोर. म्हणून तो दोर त्याच्या पट्ट्याला अडकवलाय की नुसता शेजारी लोंबतोय, हे कृपा करून माईक बाजूला ठेवून बघत जा.

या मंडळींची आणखी एक सवय मला तुमच्या मैदानात आणायची आहे. विमानात बसण्याआधी एकाचं सामान दुसरा तपासतो: पिना, पट्ट्या, बकला. उस्तादाचंही तपासतात, तो रागावत नाही. वर गेल्यावर वारा वाढला, ढग आले, तर उडी न मारता सगळे विमानातूनच खाली येतात आणि त्यांना कुणी भित्रा म्हणत नाही. आपल्याकडे सातव्या थराला पाय लटपटायला लागले आणि प्रशिक्षकाने ‘उतरा’ म्हटलं की गर्दीतून हुर्यो होते. सूत्रसंचालकही कधीकधी त्यात तेल ओततो. एखादा अनुभवी स्कायडायव्हर तुमच्या मंचावरून नुसतं एवढं बोलला की ‘मी अमुक वेळा उडी न मारता परत आलोय’, तरी ते माझ्या शंभर सूचनांपेक्षा पोरांच्या डोक्यात जास्त शिरेल. शिक्षिकेचं कोण ऐकतं?

पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचं, तर महाराष्ट्राबाहेर शोधायची गरज नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ ला उत्तर ध्रुवावर उडी मारली, २००६ मध्ये दक्षिण ध्रुवावर. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उतरल्या, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून. पण इथे आयोजकांना एक विनंती. त्यांची उत्तर ध्रुवावरची उडी ही आयुष्यातली पहिलीच उडी होती, २,४०० फुटांवरून, आधी एकही सरावाची उडी नाही. हे वाक्य माईकवर फार भारी वाजतं. टाळ्या पडतील. मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसमोर एवढंच सांगून थांबू नका. ती पुढे काय ऐकतात हे मला माहीत आहे: ‘सराव लागत नाही, फक्त डेरिंग लागते.’ त्या एका उडीनंतर त्यांनी रीतसर शिकून मारलेल्या शेकडो उड्या, पैशांसाठी झिजवलेले उंबरठे, घरच्यांची समजूत, हे त्यांनाच सांगू द्या. पोरांना गोष्टीचा तोच भाग जास्त हवा असतो, फक्त त्यांना तो कुणी सांगत नाही.

नऊवारीच्या उडीची चित्रफीत मी मुलींना दाखवली. एकीने ताबडतोब विचारलं, काष्टा सुटला नाही का? चांगला प्रश्न. मी म्हटलं, कापड जागच्या जागी बांधून ठेवायलाच तयारी लागते, ती उडीच्या आधीची. मुलींच्या गोविंदा पथकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता वयाचं बघा. २०१७ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात हमी दिली तेव्हापासून चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवायचं नाही. स्कायडायव्हिंगला बहुतेक ठिकाणी अठरा पूर्ण लागतात. म्हणजे हिंमत कळायला लागते चौदाला आणि पॅराशूट पाठीवर चढतं अठराला. मधली चार वर्षं काय? माझ्या अनुभवाने सांगते, याच चार वर्षांत पोरं हातची जातात किंवा हाताशी लागतात. नववीत गणित अवघड जातं, दहावीनंतर ‘गणित नसलेलं काहीतरी’ शोधतात, आणि तिथेच एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) हवाई दल आणि नौदल शाखांचं, वैमानिक होण्याचं दार बंद होतं. ते त्यांना कळतं अठराव्या वर्षी.

एनडीएच्या परीक्षेत गणिताला ३०० गुण आहेत. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. २०२२ पासून मुलीही खडकवासल्याला जातात. मे २०२५ मध्ये पहिल्या तुकडीतल्या १७ जणी बाहेर पडल्या. त्या परीक्षेची तयारी करून घ्यायला राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी नाशिकला २०२३ पासून. दहावीत असतानाच तिथला अर्ज भरायचा असतो. एनसीसीच्या निवडक छात्रांना आग्र्याला नेऊन पॅराशूट उड्यांचं प्रशिक्षण देतात. हे सगळं आहे. पण तुमच्या पथकातल्या किती पोरांना यातली एक तरी ओळ माहीत आहे, ते सरावाच्या रात्री विचारून बघा. येऊरला हवाई दलाचा तळ आहे. आमची पोरं पावसाळ्यात त्याच्या बाजूने ओढ्यावर भिजायला जातात आणि तिथे आत कोण काम करतं हे त्यांना ठाऊक नसतं.

तर मागणी. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, तुम्ही फटाके वाजवले. साहसी खेळ म्हणवून घ्यायचं तर वर्षातला एक दिवस दुसऱ्या साहसांशी ओळख करून द्यायलाही द्या. हंडीच्या दिवशी नको, त्या दिवशी कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. सराव सुरू व्हायच्या आधी, जून-जुलैत, एखाद्या रविवारी. मोठं सभागृह किंवा मंडप, जमिनीवर उलगडलेलं पॅराशूट, पट्ट्यांत लटकून बघायची सोय, एक स्कायडायव्हर, एक माजी पॅराट्रूपर, आणि एक टेबल जिथे एनडीए, अग्निवीर वायू, एनसीसी, वस्त्रतंत्रज्ञान यांचे अर्ज आणि तारखा मिळतील. ते टेबल कोपऱ्यात ढकलू नका. माझ्या मते सगळा कार्यक्रम त्या टेबलासाठीच आहे.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर, पथकातली आणि शाळेतली निवडक मुलं बसने मावळात कामशेतला न्या. तिथे पॅराग्लायडिंग चालतं. हे डोंगरावरून धावत निघणं आहे, विमानातून उडी नव्हे, पण वाऱ्याची दिशा बघणं, कापड पसरणं, दोऱ्या तपासणं, ‘आज नाही’ म्हणणं, हे सगळं मुलांना हाताच्या अंतरावर दिसतं. २०२१ च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी असलेल्यांकडेच जायचं, एवढं पथ्य पाळा. लहान मुलांनी नुसतं बघायचं. हट्ट करतील, करू देत.

एक गोष्ट मात्र करू नका. लकी ड्रॉमध्ये स्कायडायव्हिंगचं बक्षीस ठेवू नका. प्रशिक्षकाला बांधून घेऊन मारायच्या एका उडीला वीस-पंचवीस हजारांच्या पुढे खर्च येतो. एका नशीबवान पोराला ती मिळेल, तो फोटो टाकेल, बाकीचे हळहळतील, आणि ‘हे पैसेवाल्यांचं काम’ हा समज अधिक पक्का होईल. त्याच पैशांत एक बस कामशेतला जाऊन येते आणि वर वडापावही होतो.

पैशांचा हिशेब मी मांडत बसत नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमतो. तासाभरासाठी येऊन दोन गाण्यांवर नाचून जाणाऱ्या पाहुण्यांच्या मानधनातला एक छोटा तुकडा यासाठी काढलात तर पुरेल. त्यांना बोलावू नका असं मी म्हणत नाही. माझीही मुलं ते बघायला धावतात, मीसुद्धा खिडकीतून बघते.

पहिल्या वर्षी एकच मंडळ पुढे आलं तरी चालेल. मुलांची यादी, पालकांची संमतिपत्रं, रांगा लावणं आणि आरडाओरडा आवरणं माझ्याकडे. शाळेचं सभागृह लागलं तर मुख्याध्यापकांशी बोलायची जबाबदारीही माझीच. पाहुण्यांचा प्रवास, बस आणि अर्जांच्या झेरॉक्स तुमच्याकडे. पॅराशूटवाले काका यायला तयार आहेत. मानधन घेणार नाहीत, पण गुडघे दुखतात, तेव्हा त्यांना न्यायला गाडी पाठवा. बॅनरवर तुमचे फोटो लावायला माझी अजिबात हरकत नाही. ते फक्त पॅराशूटपेक्षा लहान असू द्या.

आपली,
गणित-विज्ञानाची एक शिक्षिका,
कळवा, ठाणे